बुजू बँटन: जिभेवर जगलेल्या माणसाचा खटला

मागच्या आठवड्यात हणजूणला सेट संपल्यावर मी केबली गुंडाळत होतो, तेव्हा तू विचारलंस, "काका, बुजू बँटन नक्की कोण? 'टिल शायलो'सारखा अल्बम करणारा माणूस कोकेनच्या गुन्ह्यात कसा सापडतो? आणि तुम्ही त्याला डीजे म्हणता, पण तो तर गातो!" स्पीकरांच्या भिंतीशेजारी उभं राहून याचं उत्तर देता येणं शक्य नव्हतं, म्हणून आता सवडीने लिहितोय. 'काका' म्हणालास ते सोडून देतो.

आधी तुझा शेवटचा प्रश्न घेतो, कारण बाकीच्या दोन्हींची किल्ली त्यातच आहे.

आपल्याकडे रेकॉर्ड लावतो तो डीजे. जमैकात त्या माणसाला 'सिलेक्टर' म्हणतात. तिथला डीजे म्हणजे माइक हातात धरून वाजत्या रेकॉर्डवर बोलणारा, तालात शब्द फेकणारा माणूस. पन्नाशीच्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांना बँड परवडत नसत. मग कुणीतरी मोठाले स्पीकर बनवायचा, ते रस्त्यावर किंवा एखाद्या अंगणात लावायचा आणि तिकीट लावून नाच ठेवायचा. हीच ती साउंड सिस्टिम. दोन गाण्यांच्या मधे गर्दी पांगू नये म्हणून एक बोलका माणूस माइकवर असायचा. त्याचं बोलणं हळूहळू गाण्याच्या मधल्या जागेतून गाण्याच्या डोक्यावर जाऊन बसलं. १९७० साली यू-रॉय नावाच्या डीजेची तीन गाणी जमैकाच्या यादीत एकाच वेळी पहिल्या तीन जागांवर होती. तिथून डीजे हा स्वतंत्र कलावंत झाला. त्याला लागतो तो 'रिडिम', म्हणजे ड्रम आणि बेसचा तयार सांगाडा. एकाच रिडिमवर वीस डीजे वीस वेगळी गाणी म्हणतात आणि कुणालाही त्यात चोरी वाटत नाही.

आता हा माणूस बोलतो तरी काय? बहुतेक वेळा फुशारकी. माझ्यासारखा दुसरा नाही, माझ्या वाटेला गेलास तर तुझं काही खरं नाही, बायका माझ्यावर मरतात, समोरच्या साउंडला मी पुरून टाकीन. दोन साउंड सिस्टिम समोरासमोर उभ्या राहिल्या की त्याला 'क्लॅश' म्हणतात. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सामन्यात एका फडाने टाकलेलं कूट दुसऱ्याने सोडवायचं असतं. तिथे अध्यात्म नाही आणि कूटही नाही, पण तोंडाने समोरच्याला गारद करायचं, हे तत्त्व तेच. ऐंशीच्या दशकाअखेर या फुशारकीत बंदूक शिरली. डीजेची 'शाब्दिक बंदूक' धडाडली की खालचे लोक हवेत दोन बोटं रोखून दाद द्यायचे, आणि काही जण खरीच गोळी झाडायचे. थोडक्यात, बढाई ही या पेशाची भाकरी आहे. ज्याला ती मारता येत नाही त्याला माइक मिळत नाही. हे लक्षात ठेव, खटल्यापाशी पोहोचलो की उपयोगी पडेल.

बुजूचं खरं नाव मार्क अँथनी मायरी. जन्म १५ जुलै १९७३, किंग्स्टन. पंधरा भावंडांतला तो एक, आई रस्त्यावर माल विकणारी. 'बुजू' म्हणजे ब्रेडफ्रूट, आपल्या कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात ते. गुटगुटीत पोराला तिथल्या मरून लोकांत हे लाडाचं नाव देतात. मरून म्हणजे गुलामीतून पळून डोंगरात राहिलेल्यांचे वंशज. 'बँटन' त्याने घेतलं बरो बँटन या जुन्या डीजेकडून, आणि नावासोबत आवाजाचा ढंगही उचलला. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. खडीवरून बैलगाडी जावी तसा खरखरीत, आणि मधेच त्यातून सुरेल स्वर निघतो. बाराव्या-तेराव्या वर्षी त्याने माइक धरला, १९८७ मध्ये पहिली रेकॉर्ड केली. पुढे डॉनोव्हन जर्मेनच्या पेंटहाउस स्टुडिओत त्याला डेव्ह केली हा निर्माता भेटला आणि गाडी सुटली. १९९२ मध्ये जमैकाच्या यादीत एका वर्षात सर्वांत जास्त गाणी पहिल्या क्रमांकावर नेण्याचा बॉब मार्लीचा विक्रम या पोराने मोडला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

त्याच वर्षी त्याच्या कारकिर्दीवरचा सर्वांत मोठा डागही जगासमोर आला. 'बूम बाय बाय' हे गाणं समलिंगी पुरुषांना गोळ्या घालण्याची भाषा करतं. गुळमुळीत सांगण्यात अर्थ नाही, ते तसंच आहे. मूळ शब्द त्याने पंधरा-सोळाव्या वर्षी केलेले, पण गाणं परदेशात पोहोचलं ते तो तारा झाल्यावर. पुढची बरीच वर्षं युरोप-अमेरिकेत त्याच्या कार्यक्रमांसमोर निदर्शनं झाली, दौरे रद्द झाले. अखेर २०१९ मध्ये त्याने ते आपल्या गाण्यांच्या यादीतून काढून टाकलं. मी ते कधीच वाजवलेलं नाही. कुणी फर्माईश केली तर बेस वाढवतो आणि ऐकू आलं नाही असं दाखवतो.

१९९३ मध्ये त्याच्या वर्तुळातले पॅनहेड आणि डर्ट्समन हे दोन तरुण डीजे काही महिन्यांच्या अंतराने गोळीबारात मारले गेले. माइकवरची बंदूक आणि रस्त्यावरची बंदूक यांच्यातलं अंतर त्या वर्षी संपलं. बुजूने 'मर्डरर' केलं ते याच सुमाराला. 'स्टुडिओ वन' या जुन्या जमैकन स्टुडिओच्या चालीवर रचलेलं हे गाणं खुन्याला थेट विचारतं की तुझा आत्मा आतून पोखरला जात नाही का. तोवर बंदुकीच्या बाजूने बोलणारी पिढी त्याच्या तोंडून उलटं ऐकत होती. त्याने केस वाढवले, रस्ताफारी पंथ धरला आणि १९९५ च्या जुलैत 'टिल शायलो' आला.

हा अल्बम का मोठा, ते तुला कानांनीच सांगावं लागेल. पहिल्याच गाण्यात संगणकाचे ठोके बाजूला सरतात आणि रस्ताफारींच्या प्रार्थनेतले हाताने वाजवायचे ढोल येतात. १९८५ पासून डान्सहॉल, म्हणजे या डीजेंचं संगीत, बहुतांशी कीबोर्ड आणि ड्रम मशीनवर चालत होतं. तिथे हे ढोल म्हणजे डीजे लावलेल्या मांडवात अचानक कुणी टाळ-मृदंग घेऊन उभं राहावं तसं झालं. आणि 'अनटोल्ड स्टोरीज'मध्ये तर एक गिटार आणि हा माणूस, एवढंच. इथे तो शब्द फेकत नाही, गातो. तू विचारलेल्या 'गातो कसा'चं उत्तर हेच गाणं आहे. गरिबीत पोर वाढवण्याचं, फी परवडत नसल्याचं ते साधं गाऱ्हाणं आहे. यात फुशारकीचा एक शब्द नाही. बढाईवर वाढलेल्या माणसाने बढाई खाली ठेवली, म्हणून तो अल्बम आजही अंगावर काटा आणतो.

नव्वदच्या दशकाचा उरलेला भाग आणि त्यानंतरची आठ-नऊ वर्षं मी भरकन ओलांडतो. स्वतःचं लेबल निघालं, 'गारगामेल'. स्वतःचा स्टुडिओ झाला. स्टुडिओच्या आवारात गांजाची दोन झाडं सापडली म्हणून दंड झाला. (गांजा हा शब्दच १८४५ नंतर आपल्याकडच्या गिरमिटिया मजुरांसोबत जमैकात गेला. तिथे आजही तो तसाच बोलतात.) मारहाणीचा एक खटला झाला, त्यात पुराव्याअभावी सुटला.

आता जुलै २००९. युरोपचा दौरा आटपून तो माद्रिदहून मायामीला येत होता. विमानात पहिल्या वर्गात एक गृहस्थ भेटला. दारू आली, गप्पा रंगल्या आणि विषय कोकेनवर आला. बुजूने बाता मारायला सुरुवात केली: कुठून माल येतो, पैसा कसा फिरतो, मला सगळं माहीत आहे. समोरचा माणूस मूळचा कोलंबियाचा, स्वतः तस्करीत शिक्षा भोगलेला आणि सुटल्यावर अमेरिकी सरकारचा पगारी खबऱ्या झालेला. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि समोर नेमका तोच बसलेला. दुसऱ्या दिवसापासूनच्या भेटी आणि फोन त्या खबऱ्याने गुपचूप रेकॉर्ड केले.

पुढचे काही महिने खबऱ्या फोन करत राहिला. बुजू कधी टाळायचा, कधी पुन्हा बढाया मारायचा. डिसेंबरात खबऱ्याने त्याला फ्लोरिडातल्या सारासोटा गावी एका गोदामात नेलं. गोदाम पोलिसांचं, आत कॅमेरे. तिथल्या चित्रफितीत बुजू एका पुड्यातलं कोकेन बोटाने चाखून पाहताना दिसतो. दोन दिवसांनी त्याच्या मार्फत जोडला गेलेला माणूस सव्वा लाख डॉलरच्या वर रोकड घेऊन माल घ्यायला आला आणि पकडला गेला. बुजू तिथे नव्हता. त्याला त्याच दिवशी घरातून उचललं.

खटला टॅम्पा शहरात चालला आणि बचावाचा सगळा भार एकाच गोष्टीवर होता: हा माणूस बडबड्या आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून त्याने स्वतः हेच सांगितलं. समोरचा मोठा संगीतवाला वाटला, त्याच्यावर छाप पाडायची होती, तो एक सांगायचा तर मी दोन सांगायचो. पैसे त्याने घातले नव्हते आणि त्याच्या हाती काही आलंही नव्हतं, हे सरकारी बाजूलाही नाकारता आलं नाही. खबऱ्याला मात्र या एका कामगिरीचे ५०,००० डॉलर मिळाले. सप्टेंबर २०१० मध्ये ज्युरींचं एकमत झालं नाही आणि खटला पुन्हा चालवायचं ठरलं.

इथे मला वाटतं ते सांगतो. बचाव खोटा नव्हता. अर्धा खरा होता. डीजे हा माणूस आयुष्यभर अशा खोलीत वावरतो जिथे मोठा बोलणारा जिंकतो आणि कुणी पुरावा मागत नाही. वीस-पंचवीस वर्षं हेच केलेला माणूस विमानात दोन पेग झाल्यावर दुसरं काय करणार? तो क्लॅशच खेळत होता. फक्त समोरच्याला क्लॅशचे नियम लागू नव्हते. पण गोदामात गेला तो बोलायला नव्हे. तिथे जिभेने दुसरं काम केलं. अमेरिकेच्या कायद्यात कट हा गुन्हा सिद्ध व्हायला माल हातात यावा लागत नाही, पैसा हातात यावा लागत नाही. ठरलं होतं आणि तू त्यात होतास, एवढं पुरतं. आणि पाच किलोंच्या वर कोकेन असेल तर किमान दहा वर्षं, न्यायाधीशाच्या मनात असो वा नसो.

दुसऱ्या खटल्याचा योग तर कादंबरीत घातला तर संपादक कापून टाकेल. १३ फेब्रुवारी २०११ ला 'बिफोर द डॉन' या अल्बमला सर्वोत्तम रेगे अल्बमचा ग्रॅमी मिळाला, त्याचा पहिला आणि बहुप्रतीक्षित. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासाठी ज्युरी निवडायला सुरुवात झाली. २२ तारखेला तो दोषी ठरला: कोकेनच्या कटात, त्यासाठी फोन वापरल्याबद्दल, आणि जोडीदाराच्या गाडीत सापडलेल्या पिस्तुलाबद्दलही. प्रत्यक्ष माल ताब्यात घेण्याच्या प्रयत्नाचा आरोप मात्र सुटला. जूनमध्ये न्यायाधीशाने पिस्तुलाचा मुद्दा बाजूला काढून दहा वर्षांची शिक्षा दिली. वरच्या कोर्टाने तो मुद्दा पुन्हा जागा केला, आणि बऱ्याच घासाघाशीनंतर २०१५ मध्ये सरकारने तो सोडून दिला. मधेच एका ज्युरीने खटला चालू असताना घरी बसून इंटरनेटवर शोधाशोध केल्याचं उघड झालं. त्या बाईंना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरून, ज्युरी असं वागल्याने केवढं नुकसान होतं यावर निबंध लिहायची शिक्षा झाली. बुजूला त्याचा फायदा मिळाला नाही.

तुझ्यासोबतचा मुलगा म्हणाला होता की "हे डान्सहॉलवाले सगळे सारखेच, गाण्यात बंदूक तर घरातही बंदूक." त्याचं म्हणणं तपासायला बुजू चुकीचं उदाहरण आहे, कारण त्याने अटकेच्या सोळा वर्षं आधीच बंदुकीविरुद्ध गाणं केलं होतं आणि कोकेनचा धंदा हा त्याच्या गाण्यांचा विषय कधीच नव्हता. त्या मुलाला निन्जामॅन सांग.

डेस्मंड बॅलंटाइन, जन्म १९६६, सेंट मेरी परगण्यातल्या अनॅटो बे गावचा. क्लॅश म्हणजे काय ते समजायला याच्याइतका चांगला धडा नाही. समोरचा सोन्याचा दात, अंगावर विचित्र पोशाख, बोलताना मुद्दाम अडखळणं, आणि त्या अडखळण्यातून अचानक सुटणारा शब्दांचा लोंढा. तेव्हा दरवर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी जमैकात भरणाऱ्या 'स्टिंग' या मोठ्या कार्यक्रमात त्याने १९९० साली शाबा रँक्स या डीजेला झोडपलं. पुढच्या वर्षी समोर सुपर कॅट होता (हा वडिलांकडून भारतीय वंशाचा), तेव्हा बाटल्या उडाल्या. अडखळणाऱ्या माणसाला शब्दांत कुणी हरवू शकत नव्हतं. मग कोकेनचं व्यसन, मग मधेच चर्च आणि भक्तिगीतं, मग पुन्हा बंदुकीची प्रकरणं. मार्च २००९ मध्ये किंग्स्टनच्या ऑलिम्पिक गार्डन्स भागात एका तरुणाचा गोळी लागून मृत्यू झाला. खटला उभा राहायला आठ वर्षं लागली. नोव्हेंबर २०१७ मध्ये निन्जामॅन मुलासह खुनाबद्दल दोषी ठरला. शिक्षा जन्मठेप, पंचवीस वर्षं पॅरोल नाही. इथे गाण्यातली बंदूक आणि घरातली बंदूक जुळते, हे कबूल. पण कोर्टात त्याची गाणी वाजवून कुणी काही सिद्ध केलं नव्हतं. साक्षीदारांनी जे पाहिलं त्यावर निकाल लागला.

आणि तिसरा डीजे वाइब्झ कार्टेल, पोर्टमोरचा आदिद्जा पामर. २०१४ मध्ये एका साथीदाराच्या खुनाबद्दल जन्मठेप, त्यात पस्तीस वर्षं पॅरोल नाही, पुढे अपिलात ती साडेबत्तीस झाली. इथेही पुरावा बोलण्याचाच होता, फोनवरचे संदेश आणि आवाजाच्या नोंदी. पण मार्च २०२४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे जमैकाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, दोषसिद्धीच रद्द केली. कारण एका ज्युरीने इतरांना लाच देऊ पाहिली होती आणि तरी त्याला खटल्यात ठेवलं गेलं. जुलैअखेर जमैकाच्या कोर्टाने पुन्हा खटला नको म्हटल्यावर तो तेरा वर्षांनी बाहेर आला. त्यामुळे निन्जामॅन आणि बुजू यांच्याबद्दल 'गुन्हेगार' म्हणतोस तसं कार्टेलबद्दल आज म्हणता येत नाही. लोक म्हणतात, पण कागद तसं म्हणत नाही. आणि आत असताना त्याची नवी गाणी बाहेर येतच राहिली, ती कशी रेकॉर्ड झाली हे तुरुंगवाल्यांना विचार.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, बुजू कायद्याने गुन्हेगार ठरला, शिक्षा भोगली, आणि माझ्या मते ती अगदीच आभाळातून पडली नाही. त्याला सापळ्यात ओढलं गेलं हेही खरं. त्या खबऱ्याने महिनोन् महिने फोन केले नसते तर तो त्या गोदामात कधीच गेला नसता, असं मला वाटतं. पण या दोन गोष्टींतली एक खरी ठरवायला दुसरी खोटी ठरवावी लागत नाही.

७ डिसेंबर २०१८ ला जॉर्जिया राज्यातल्या तुरुंगातून तो सुटला आणि थेट किंग्स्टनला पाठवला गेला. १६ मार्च २०१९ ला तिथल्या नॅशनल स्टेडियममध्ये त्याचा कार्यक्रम झाला. हॉटेलं भरली, जगभरातून जमैकन माणसं परतली, मैदान ओसंडलं. त्या रात्रीची ध्वनिमुद्रणं मी बारकाईने ऐकली आहेत. धंद्याची खोड. आवाजात दोन फरक जाणवतात. खरखर वाढली आहे, आणि ओळी संपवायची घाई गेली आहे. तरुणपणी तो पुढच्या ओळीवर उडी मारायला टपलेला असायचा, आता शेवटचा शब्द खाली ठेवून मग पुढे जातो.

तुला ऐकायचंच असेल तर असं कर. आधी १९९२-९३ ची पेंटहाउसची गाणी ऐक, मोठ्या स्पीकरवर, फोनवर नको, कारण अर्धं गाणं बेसमध्ये असतं आणि फोनमध्ये ते अर्धं नसतंच. मग 'मर्डरर'. मग 'अनटोल्ड स्टोरीज', एकटा असताना. ग्रॅमीवाला अल्बम सगळ्यात शेवटी. तो चांगला आहे, पण 'टिल शायलो'च्या पासंगाला पुरत नाही, ग्रॅमीवाल्यांना जाग यायला नेहमी पंधरा वर्षं लागतात. शनिवारी येशील तेव्हा लवकर ये, साडेचारपर्यंत. साउंड चेकच्या वेळी ती गिटार रिकाम्या मैदानावर लावून दाखवतो.